खालून टाकलेला चेंडू

सॉफ्टबॉलच्या मैदानावर, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या वर्तुळात, पांढऱ्या पट्टीपासून बॅटवाली उभी राहते त्या होम प्लेटच्या दिशेने, मातीत एक चर पडतो. उजव्या हाताने टाकणारी मुलगी पट्टीला रेटा देऊन पुढे झेपावते तेव्हा तिच्या उजव्या बुटाचं टोक मागून घासत येतं, त्याचा हा चर. किन्ले प्रूइटचा चर नेहमी एकच असायचा. अख्खा सामना टाकून झाला तरी तिने एकच चेंडू टाकला असावा असं वाटायचं, इतका सरळ. आज चौथा डाव संपला तेव्हा तिथे दोन चर होते. दुसरा पट्टीपासून वीतभर अंतरावर पहिल्यातून फुटला होता आणि डावीकडे वळत गेला होता.

किन्लेची मोठी बहीण डार्बी, प्लेटमागे बसून तिचे चेंडू झेलणारी, मास्क काखेत धरून डगआउटकडे, संघाच्या बाकाकडे, निघाली होती. ती वर्तुळाजवळ थांबली आणि तिने बुटाने दुसऱ्या चरावर माती लोटली. ओक्लाहोमाची ती तांबडी माती जूनच्या वाऱ्याने वाळून पीठ झाली होती. चर बुजला. पण त्याचा अर्थ डार्बीला कळायचा तो कळला होता. किन्ले चेंडू सोडताना अंग आधीच उघडत होती. हाताला पीळ कमी बसावा म्हणून तिचं शरीर आपणहून वाट काढत होतं. शरीर खोटं बोलू शकत नाही. किन्ले मात्र तीन आठवडे बोलत होती, आणि तिच्याबरोबर डार्बीही.

"काय गं, बाग लावतेस का तिथे?" डगआउटच्या कठड्यावरून इट्झेल ओरडली. इट्झेल बार्रागान ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी, संघातली दुसरी पिचर. दहा दिवसांच्या या स्पर्धेत तिच्या वाट्याला मोजून दोन डाव आले होते. बाकी वेळ ती सूर्यफुलाच्या बिया फोडायची, आणि बाकावरच्या मुली जी गाणी म्हणत त्यांत सगळ्यांत मोठा आवाज तिचा असायचा.

"तुला पुरायला खड्डा करतेय," डार्बी म्हणाली.

"पूर, पण बूट काढून पूर. आज संध्याकाळी सगळी चौथ्या वर्षाची पोरं बूट प्लेटवर ठेवून रडणार, आणि मग अनवाणी बसपर्यंत. तू चपला आणल्यास ना?"

बाक हसला. शेवटचा सामना खेळणारी मुलगी आपले बूट काढून होम प्लेटवर ठेवते आणि तशीच मैदानाबाहेर जाते, ही रीत होती. डार्बीचा आज शेवटचा सामना. किन्लेला अजून दोन वर्षं होती. निदान असायला हवी होती.

बाकाच्या टोकाला किन्ले बसली होती. उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी, डाव्या हातात काकडीच्या लोणच्याच्या खाऱ्या पाण्याचा पेला. पेटके येऊ नयेत म्हणून सगळ्याच जणी ते प्यायच्या. फिजिओ तिच्यासमोर गुडघे टेकून बसली होती.

"खांदाच ना?"

"खांदाच. थोडा जड झालाय, बस," किन्ले म्हणाली.

बर्फ खांद्यावर होता. दुखत होता तो हात, कोपराच्या खाली. बर्फ दिसला की लोक तेवढीच जागा बघतात, हे किन्लेने हेरलं होतं.

डार्बी तिच्या शेजारी जाऊन बसली.  किन्लेने डावा हात पुढे करून बहिणीची वेणी चाचपली. वेणी सैल होती. लहानपणापासून प्रत्येक सामन्याआधी किन्लेच डार्बीची वेणी घालायची, मास्कच्या पट्ट्यांखाली बसेल अशी घट्ट, टाळू ताणणारी. गेले तीन आठवडे ती वेणी दुसऱ्या डावापर्यंत सुटायला लागायची. पेड एकमेकांवर टाकताना मनगट वळवावं लागतं, आणि तिथेच तिचा श्वास अडकायचा.

डार्बीला आधी वेणीवरूनच संशय आला होता. ती शरीरशास्त्र शिकत होती. वसतिगृहाच्या धुलाईखोलीत, कपडे यंत्रात फिरत असताना, तिने प्रयोगशाळेतून आणलेला नादकाटा रबरी तुकड्यावर आपटला आणि त्याचं टोक किन्लेच्या हाताच्या हाडावर, करंगळीच्या बाजूला, कोपरापासून खाली सरकवत नेलं. मध्यावर येईपर्यंत किन्ले हसत होती. "गुदगुल्या होतायत गं." मग ती एकदम किंचाळली आणि तिने हात छातीशी धरला. अखंड हाडावर कंपनं जाणवून विरतात. चिरलेल्या हाडावर ती सुरीसारखी लागतात. डार्बीने जागा बदलून पुन्हा केलं, डाव्या हातावर केलं, मग परत उजव्यावर. प्रत्येक वेळी तीच जागा. त्याने काही सिद्ध होत नाही, त्यासाठी फोटो काढायला हवा, हे तिला ठाऊक होतं. आणि फोटोत काय दिसेल हेही.

"स्पर्धा होऊ दे," किन्ले म्हणाली होती. "मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे. पण तोवर कोणाला नाही. डॅडीला नाही, कोचना नाही. शप्पथ घे."

डार्बीने शपथ घेतली. मग तिने स्वतःशी मुदती ठरवल्या. पुढच्या फेरीत गेलो नाही तर बोलायची गरजच नाही. गेलो तर पहिल्या सामन्यानंतर. उपांत्य सामन्यानंतर. अंतिम फेरी तीन सामन्यांची होती. पहिला जिंकला, दुसरा हरला, आज तिसरा. एकेक मुदत येत गेली आणि जात गेली.

आज सकाळी तिने प्रयत्न केला होता, नाही असं नाही. मोटेलच्या शेजारच्या खानावळीत डॅडी नाश्त्याला भेटले. डेल प्रूइट, घरोघरी प्रोपेन गॅस पोचवणारे. पिकअप रात्रभर चालवून आलेले, तरी दाढी केलेली. पावासारख्या मऊ बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही ओतताना त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट ताठच राहिलं. घरामागे गॅसच्या टाक्यांशेजारी त्यांनी मुलींसाठी वर्तुळ आखलं होतं, आणि पालथ्या बादलीवर बसून किन्लेचे चेंडू झेलता झेलता ते बोट दोनदा मोडलं होतं. नंतर त्यांचे गुडघे गेले. मग बादलीवर बारा वर्षांची डार्बी बसली.

"डॅडी, किन्लेने फार टाकलंय या मोसमात."

"मग? आपल्या पोरीसारखं टाकतंय कोण दुसरं?"

"हाताला विश्रांती लागते ना."

डेल हसले. "बेसबॉलची पोरं वरून फेकतात, त्यांचे खांदे निखळतात. हे खालून टाकायचं काम. देवाने हात असाच लोंबता ठेवलाय, डार्बी. चालताना हलतो तसाच. त्याला काय व्हायचंय?"

हे फक्त त्यांचंच मत नव्हतं. सॉफ्टबॉलच्या मैदानावर वाढलेला प्रत्येक माणूस हेच ऐकत वाढला होता. कोच हॉलबर्ट स्वतः जुन्या पिचर. एका शनिवारी तीन सामने टाकल्याचं त्या अजून सांगायच्या. म्हणून प्रत्येक संघात एकच मुलगी सगळं टाकायची आणि इट्झेलसारख्या मुली गाणी म्हणायच्या. पवनचक्कीच्या पात्यासारखा गरगर फिरून मांडीपाशी अचानक थांबणारा हात चालणाऱ्या माणसाच्या हातासारखा मुळीच नसतो, हे डार्बी सांगू शकली असती. पण डॅडींनी तिच्या बशीत आपलं अर्धं बिस्किट ठेवलं आणि म्हणाले, "आज रात्री गावात कोणी झोपणार नाही बघ." तिने ते बिस्किट खाल्लं.

सात डावांपैकी पाचवा कसाबसा गेला. त्यांच्या संघाकडे दोन धावा होत्या. समोरच्या, हिरव्या शिरस्त्राणांच्या मुलींकडे एकही नव्हती.

कोणता चेंडू टाकायचा हे कोच ठरवायच्या. डगआउटमधून त्या आकडे ओरडायच्या. डार्बी मनगटावरच्या पट्टीत तो आकडा शोधायची आणि मांडीच्या आड बोटांनी किन्लेला खूण करायची. किन्लेचा सगळ्यांत घातक चेंडू म्हणजे ड्रॉप, प्लेटपाशी येऊन पायाखालची फळी निघाल्यासारखा खाली जाणारा. तो सोडताना मनगट आणि हात झटक्याने पिळावा लागतो. कोच सतत ड्रॉप मागत होत्या.

आणि दुसऱ्या डावापासून डार्बी त्यातले अर्धे ड्रॉप गाळत होती. आकडा ड्रॉपचा यायचा आणि तिची बोटं संथ चेंडूची खूण करायची. कोचना वाटायचं, ड्रॉप नीट बसला नाही. किन्लेला वाटायचं, कोचनीच संथ मागितला. डार्बीला वाटत होतं की ती काहीतरी करतेय. हाताला अर्धा आराम, सामना हातात, शपथ शाबूत.

सहाव्या डावात समोरच्या दोघी बाद झाल्यावर उंच, खांद्यात भरलेली एक मुलगी बॅट घेऊन आली. कोच ओरडल्या. आकडा ड्रॉपचा होता. डार्बीने संथची खूण केली.

किन्लेने तो मनापासून टाकला. पण हात थकलेला असला की संथ चेंडू नुसता संथच राहतो, फसवा राहत नाही. बॅटचा आवाज आला आणि डार्बीला मान वर करून पाहावंही लागलं नाही. चेंडू डाव्या कुंपणापलीकडे प्रेक्षकांत पडला. हिरवी मुलगी सावकाश फेरी मारून आली आणि तिने दोन्ही पायांनी प्लेटवर उडी घेतली. दोन-एक.

कोच हॉलबर्ट वेळ मागून वर्तुळाकडे चालत आल्या. त्या कधी धावत नसत.

"मी ड्रॉप मागितला होता," त्या म्हणाल्या. त्यांची नजर डार्बीवर होती. "ते काय होतं?"

डार्बीने तोंड उघडलं.

"माझी चूक, कोच," किन्ले मध्येच म्हणाली. "हातातून निसटला. ड्रॉपच होता."

कोचनी तिच्याकडे पाहिलं. "खांदा?"

"ठणठणीत."

"इट्झेलला तयार करू?"

"तिला बिया खाऊ द्या, कोच. मी आहे ना."

कोच हसल्या नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची आठी उतरली. "तुझ्या जोरावर इथवर आलोय, पोरी. तूच संपव." त्यांनी किन्लेच्या उजव्या हातावर थाप मारली, बरोबर मध्यावर. किन्लेच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तिच्या ओठांचा रंग तेवढा गेला, तोही डार्बीलाच दिसला.

कोच वळल्या. किन्लेने ग्लोव्ह तोंडापुढे धरला. डार्बीनेही धरला. मैदानावर सगळ्याच अशा बोलतात, ओठ कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून.

"तिने ड्रॉप मागितला होता?"

डार्बीने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून बदलतेयस?"

"दुसऱ्या डावापासून."

"दुसऱ्या!" ग्लोव्हमागे किन्लेचे डोळे तेवढे दिसत होते. "आणि मी म्हणते, आज कोचना झालंय काय. मूर्ख! मी त्या ढोलीला संथ चेंडू टाकला, डार्बी. तिला! टी-शर्टावर छापून देतील माझा फोटो."

"तुझ्या हाताला..."

"माझा हात माझ्या अंगाला लागलाय. तुझ्या नाही." तिचा आवाज चिरकला, मग खाली आला. "ऐक. तुला बोलायचंय? जा, तिकडे जाऊन बोल. माझ्या तोंडावर बोल, तिच्या तोंडावर बोल. पण हे असं मांडीमागे बोटं लपवून माझं वाटोळं करू नकोस. एक तर ती मागते ते मला दे, नाही तर जाऊन सांग. दोन्हीकडून खेळायचं बंद कर."

पंचांनी हाक मारली. डार्बी मास्क ओढत परत निघाली.  तीन आठवडे ती या लपवाछपवीला शपथ म्हणत होती. सोय होती ती. बहीण आपल्यावर रागावू नये आणि हाडही मोडू नये, कोणी काही ठरवू नये आणि सगळं आपोआप निभावून जावं, एवढंच ती मागत आली होती.

पुढची मुलगी बॅट फिरवत उभी राहिली. आकडा आला. ड्रॉप.

डार्बीने ड्रॉपची खूण केली.

किन्लेने मान हलवली, श्वास घेतला, आणि तिचा हात फिरला. तो चेंडू डार्बीने नंतर पुष्कळदा आठवला. घरामागच्या वर्तुळात, बादलीवर बसून, त्या साऱ्या वर्षांत झेललेल्यांत तो सगळ्यांत देखणा होता. गुडघ्याच्या उंचीवर आला, बॅट त्याच्या वाटेवर आली, आणि तो नुसता तिथून नाहीसा होऊन तिच्या ग्लोव्हमध्ये मातीलगत सापडला. पहिला फटका हुकला, पंचांनी मूठ झटकली. स्टेडियम उभं राहिलं. बाकावर इट्झेलचा आवाज फाटला.

त्या गदारोळात आणखी एक आवाज होता, वर्तुळातून आलेला, दाराची कडी लागावी एवढा. नाही तर तो डार्बीला भासला असेल. तिने चेंडू परत टाकला. किन्लेने तो डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये झेलला आणि पट्टीवर येऊन उभी राहिली.

मग तिने चेंडू उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. बोटं चेंडूभोवती बसली नाहीत. तिने उजवा हात मांडीला टेकवला आणि ग्लोव्हने चेंडू त्या हाताच्या तळव्यात दाबून बसवला, सोनार कोंदणात खडा दाबून बसवतो तसा. वरून एकेक बोट ग्लोव्हच्या कडेने मिटवलं. पाठीमागच्या क्षेत्ररक्षकांना ते दिसलं नाही. डगआउटला बाजूने दिसत होतं, पण तिथे सगळ्या धावफलकाकडे बघत होत्या. किन्लेने मान वर केली आणि खुणेची वाट पाहत उभी राहिली. तिचा चेहरा शांत होता. ती आणखी एक टाकणार होती. आणि त्यानंतर आणखी एक.

"डार्बी!"

प्लेटमागच्या जाळीपलीकडे, पहिल्याच रांगेत, डॅडी उभे होते. हजारोंच्या ओरड्यातून तिला तो आवाज लहानपणापासून वेगळा काढता यायचा. तिने मान वळवली. त्यांची वाकडी बोटं जाळीत अडकली होती. त्यांची नजर वर्तुळावर होती. तो ग्लोव्ह, तो तळवा, ती मिटवलेली बोटं, सगळं त्यांनी पाहिलं होतं. बादलीवर बसलेल्या माणसाला पिचरच्या हाताशिवाय दुसरं काय दिसतं?

"चार जणी बाद करायच्या राहिल्यात," ते म्हणाले. त्यांचा चेहरा आक्रसला होता. ते मागणं होतं, हुकूम नव्हता. "फक्त चार, बाळा."

डगआउटमधून कोचचा आवाज आला. आकडा ड्रॉपचा होता.

डार्बी खाली बसली. उजवा हात मांडीआड नेला. वीस पावलांचंही अंतर नव्हतं, तरी किन्ले फार लांब दिसत होती. ती डार्बीच्या बोटांकडे पाहत होती, दहा वर्षं पाहत आली होती तशी, पूर्ण विश्वासाने, कारण मघाशी तिने विचारलं होतं आणि डार्बीने खरी खूण दिली होती.

बोटं उघडली नाहीत.

डार्बी उठून उभी राहिली. "वेळ," ती पंचांना म्हणाली. पंचांनी दोन्ही हात वर केले.

तिने मास्क काढला. किन्लेने तिला येताना पाहिलं आणि ग्लोव्ह तोंडाकडे नेला. पण डार्बी वर्तुळाकडे वळली नाही. ती प्लेटवरून डावीकडे निघाली, पांढऱ्या रेषेवरून, डगआउटच्या दिशेने. जाळीमागून पुन्हा हाक आली नाही. वर्तुळातून मात्र आली, ग्लोव्हशिवाय, उघड्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"डार्बी, नको!"

डार्बीची वेणी सुटून मानेवर आली होती. बाकावरची गाणी थांबली. इट्झेलच्या हातातल्या बिया तशाच राहिल्या. कोच हॉलबर्ट पायरीवर उभ्या होत्या, एक पाय मैदानावर ठेवून, आणि तिला जवळ येताना पाहून त्यांनी भुवया वर केल्या.

"आता काय?"

डार्बी पायरीपाशी थांबली. 

"कोच, किन्लेला बाहेर काढा. खांदा नाही, हाताचं हाड चिरलंय. इट्झेलला पाठवा. आत्ता."